व्हाइट कोट हायपरटेन्शन

व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणजे दवाखान्यात मोजलेला रक्तदाब सातत्याने वाढलेला, परंतु घरी किंवा दैनंदिन व्यवहारात मोजलेला रक्तदाब मर्यादेत असण्याची अवस्था होय. डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्यावरून हे नाव पडले. अर्थात हा परिणाम दिसण्यासाठी डॉक्टरांनी डगला घातलेलाच असावा लागतो असे नाही. याच्या उलट, दवाखान्यात रक्तदाब ठीक पण एरवी वाढलेला, या अवस्थेस मास्क्ड हायपरटेन्शन किंवा छुपा उच्च रक्तदाब म्हणतात.

कारणमीमांसा

रक्तदाब हा स्थिर आकडा नव्हे. श्रम, चिंता, बोलणे, तंबाखू, चहा-कॉफी यांनी तो चढतो. निरोगी व्यक्तीत झोपेत तो साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. तपासणीच्या वेळी शरीर सावध होते, हृदयाची गती वाढते आणि दाब चढतो. इटलीतील ज्युसेप्पे मान्चिया व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीत नळी बसवून रक्तदाबाची अखंड नोंद घेतली. १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, डॉक्टर जवळ येऊन तपासू लागताच वरचा म्हणजे सिस्टॉलिक दाब सरासरी सुमारे २७ मिलिमीटर पारा, तर खालचा म्हणजे डायस्टॉलिक दाब सुमारे १५ मिलिमीटरने वाढल्याचे आढळले. भेट लांबत गेली तसा तो उतरू लागला. परिचारिकेने मोजल्यास ही वाढ तुलनेने कमी असते.

सदोष मोजणी हे मात्र वेगळे कारण आहे. दंडाच्या मानाने लहान पट्टा, लोंबता हात किंवा जिना चढून आल्याबरोबर केलेली मोजणी यांमुळेही आकडा फुगतो, आणि त्याचा दोष मनाच्या भीतीला देणे योग्य नव्हे.

निदान

दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरल्यास घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ मानली जाते. २४ तासांच्या नोंदीची सरासरी मर्यादा १३०/८० आहे. या नोंदीसाठी दंडावरील पट्ट्याला जोडलेले लहान यंत्र कमरेला बांधतात. ते ठरावीक अंतराने, झोपेतही, आपोआप रक्तदाब मोजते. ब्रिटनमध्ये २०११ पासून निदान पक्के करण्यासाठी ही पद्धत सुचवली जाते.

घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, पाय जमिनीवर ठेवावेत व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. सकाळी व सायंकाळी दोन-दोन वेळा, शक्यतो सात दिवस मोजून पहिल्या दिवसाचे आकडे वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. केवळ चांगले आलेले आकडे वहीत लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास नोंदीला अर्थ उरत नाही.

महत्त्व

अमेरिकेतील थॉमस पिकरिंग यांच्या १९८८ च्या अभ्यासात, दवाखान्यात रक्तदाब किंचित वाढलेला आढळलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के व्यक्तींचा दिवसभराचा रक्तदाब मर्यादेत निघाला. अशांना अनावश्यक औषधे दिल्यास चक्कर येणे यांसारखे त्रास संभवतात. तथापि ही अवस्था पूर्णतः निरुपद्रवी नाही: यांतील काहींना पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडतो, म्हणून वेळोवेळी तपासणी आवश्यक असते. छुपा उच्च रक्तदाब अधिक घातक होय. त्यात हृदयविकार व पक्षाघाताचा धोका नेहमीच्या उच्च रक्तदाबाच्या जवळपास जातो, आणि दवाखान्यातील आकडा चांगला असल्याने रुग्ण व डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात. घरचे आकडे उतरलेले दिसले तरी चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत. ते आकडे औषधांमुळेच उतरलेले असू शकतात.