भिंगातला ऐब

उन्हाकडे पाठ करून फोटो काढावा, हा धडा बॉक्स कॅमेऱ्याच्या जमान्यापासून आपल्याकडे घरोघरी पाठ होता. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी आणि समोरची माणसं बिचारी डोळे बारीक करून उभी! सूर्य समोर आला की चित्रावर फिकट पडदा पसरतो, नाहीतर गोल, षटकोनी ठिपक्यांची रांगच उमटते. छायाचित्रकार याला ‘फ्लेअर’ म्हणतात. मला मात्र आपला जुना शब्द आठवतो, ऐब.

हा ऐब येतो कुठून? भिंग म्हणजे एकच काच नव्हे, नळीत एकामागे एक बसवलेल्या अनेक काचा. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे प्रत्येक वेळी सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. सहा सुट्या काचा म्हणजे बारा पृष्ठभाग. जवळजवळ ४० टक्के उजेड वाटेतच गळाला. त्यातला काही नळीतच भटकत राहतो आणि शेवटी नको तिथे फिल्मवर जाऊन पडतो. ते षटकोनी ठिपके म्हणजे भिंगातल्या छिद्राच्या पात्यांचाच आकार. १९३५ साली जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हा मागे फिरणारा उजेड पुष्कळसा आवरला. जर्मनीने ते तंत्र लष्करी गुपित म्हणून जपलं.

गंमत अशी की, ऐब आटोक्यात येऊ लागला आणि कलावंत त्यालाच आवतण देऊ लागले. १९५० च्या ‘राशोमोन’मध्ये अकिरा कुरोसावा आणि छायालेखक काझुओ मियागावा यांनी जंगलात कॅमेरा सरळ सूर्यावर रोखला. उन्हाने आतली फिल्मच जळेल, अशी तेव्हा समजूत होती! पानांआडून डोळ्यांवर येणारा तो सूर्य नसता, तर चार तोंडांनी सांगितलेली ती कथा इतकी संशयास्पद वाटली असती का?

पण मला जास्त जवळचे वाटतात ते लास्लो कोवाच. १९५६ साली बुडापेस्टमध्ये उठाव झाला, तेव्हा ते आणि त्यांचे मित्र विल्मोश झिगमोंड यांनी रस्त्यावर उतरून रणगाडे चित्रित केले आणि ती फिल्म लपवून ऑस्ट्रियात नेली. पुढे १९६९ च्या ‘ईझी रायडर’मध्ये, धावत्या मोटारीतून मोटारसायकलवाल्यांना टिपताना, भिंगात सूर्य शिरला तो त्यांनी राहू दिला. स्टुडिओच्या शिस्तीतला माणूस कदाचित म्हणाला असता, पुन्हा घ्या. ज्याने गोळीबारात कॅमेरा चालवला, त्याला उजेड आपल्या सोयीने येत नाही हे ठाऊक असणार, असा माझा आपला कयास. पडद्यावरचे ते ठिपके सांगतात की इथे खरोखरचं ऊन होतं आणि कुणीतरी त्यात उभं राहून पाहत होतं.

पुढे ही साक्षही विकत मिळू लागली. ज्याला मुळी भिंगच नाही, त्या संगणकात गणित करून हे ठिपके काढता येऊ लागले. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी संगणकापेक्षा सेटवर भरवसा ठेवला. चौकटीच्या जरा बाहेर उभं राहून माणसं भिंगावर प्रखर विजेऱ्यांचा झोत मारत असत. त्याचा इतका अतिरेक झाला की, २०१३ साली अब्राम्स यांनीच त्याबद्दल माफी मागितली.