विद्यार्थिनींची नियतकालिके आणि केंब्रिजमधील स्त्रियांचा इतिहास

विद्यापीठाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक सामान्यतः सनदा, सिनेटचे ठराव, परीक्षांचे निकाल व वार्षिक अहवाल या साधनांकडे प्रथम वळतो. ही साधने विश्वसनीय असतात. परंतु ज्या संस्थेची ती असतात तिच्या सभासदांचीच नोंद ती मुख्यत्वेकरून ठेवतात. जो वर्ग विद्यापीठाच्या आवारात वावरला, तेथे शिकला, तेथील परीक्षांस बसला, परंतु सभासद मात्र होऊ शकला नाही, त्या वर्गाचा इतिहास अशा कागदपत्रांतून कितपत हाती लागावा? केंब्रिज विद्यापीठातील स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. १८६९ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे, स्त्रिया तेथे शिकत होत्या आणि तरीही त्या विद्यापीठाच्या सभासद नव्हत्या. या काळाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे, पण दीर्घकाळ गौण लेखले गेलेले साधन म्हणजे विद्यार्थिनींनी स्वतः चालविलेली नियतकालिके होत.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एमिली डेव्हिस यांनी १८६९ मध्ये हिचिन येथे स्त्रियांचे महाविद्यालय काढले व १८७३ मध्ये ते केंब्रिजजवळच्या गर्टन या खेड्यात हलविले. हेन्री सिज्विक यांच्या पुढाकाराने व ॲन जेमायमा क्लफ यांच्या देखरेखीखाली १८७१ मध्ये न्यूनमचा आरंभ झाला. १८८१ च्या फेब्रुवारीत सिनेटने स्त्रियांना ट्रायपॉस परीक्षांस बसण्याचा रीतसर अधिकार दिला. पदवी मात्र दिली नाही. १८९७ मध्ये केवळ नाममात्र पदवी देण्याचा प्रस्तावही सुमारे १,७०० विरुद्ध ६६० मतांनी फेटाळला गेला. १९२१ मध्ये नाममात्र पदवी मिळाली. पूर्ण सभासदत्व मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. मधल्या काळातील विसंगती एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९३९ मध्ये न्यूनमच्या डॉरोथी गॅरॉड यांची पुरातत्त्वाच्या अध्यासनावर निवड झाली. त्या प्राध्यापक झाल्या, परंतु विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याचा अधिकार त्यांस नव्हता.

या घटनाक्रमाची साधने पाहता एक गोष्ट ध्यानात येते. तो जवळजवळ सर्वस्वी मतदानांचा इतिहास आहे, आणि मतदान करणारे सर्व पुरुष होते. विद्यापीठाचे अधिकृत पत्र १८७० पासून निघत आले; त्यात प्रस्ताव, वादविवाद व मतांची संख्या सापडते. परंतु ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्या विद्यार्थिनी दिवसभर काय करीत, काय वाचीत, कशावर वाद घालीत, स्वतःस काय म्हणवीत, याचा पत्ता त्यात लागत नाही. अधिकृत साधनांत स्त्रिया हा एक प्रश्न आहे. त्या व्यक्ती म्हणून तेथे क्वचितच आढळतात.

ही उणीव भरून काढणारे पहिले साधन म्हणजे १८८२ मध्ये सुरू झालेले ‘गर्टन रिव्ह्यू’. परीक्षांचा अधिकार मिळाल्यानंतर एका वर्षातच हे नियतकालिक निघाले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. वादसभा, खेळ, मंडळे, परीक्षांचे यश, माजी विद्यार्थिनींच्या नेमणुका, विवाह व निधन यांच्या वार्ता त्यात येत. अशा वार्ता एकेकट्या वाचल्या असता क्षुल्लक वाटतात. परंतु वर्षानुवर्षांचे अंक एकत्र ठेवून वाचले म्हणजे त्यांतून एका समाजाची रचना दिसू लागते. कोणती विद्यार्थिनी कोणत्या शाळेत शिक्षिका झाली, तिच्या शाळेतून पुढे कोण गर्टनला आली, कोण परदेशी गेली, याची साखळी जुळविता येते. पदवी न देणाऱ्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचे क्षेत्र कसे घडविले, हे सिनेटच्या ठरावांतून कधीच कळले नसते.

गर्टनच्या अग्निशामक पथकाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. गाव व नगर यांपासून दूर असलेल्या या इमारतीत आग लागल्यास मदत वेळेवर पोहोचणे कठीण, म्हणून १८७९ च्या सुमारास विद्यार्थिनींनी स्वतःचे पथक उभारले व ते पुढे अनेक वर्षे चालले. पाण्याच्या बादल्यांची रांग लावणे, पंप चालविणे, हुकूम देणे व पाळणे यांचा सराव त्या करीत. उच्च शिक्षणाने स्त्रीच्या प्रकृतीस अपाय होतो असे मत त्याच सुमारास काही वैद्य हिरिरीने मांडीत होते. त्या मतास विद्यार्थिनींनी लेखांतून दिलेले उत्तर एकीकडे, आणि अंधारात पंप ओढण्याचा हा नित्याचा सराव दुसरीकडे. इतिहासकारास दुसरा पुरावा अधिक मोलाचा वाटल्यास नवल नाही, कारण तो कोणास पटविण्यासाठी निर्माण झालेला नव्हता.

तथापि विद्यार्थिनींची नियतकालिके एकटी वाचून भागत नाही. १८७९ मध्ये ‘केंब्रिज रिव्ह्यू’ व १८८९ मध्ये ‘ग्रँटा’ ही पत्रे निघाली, आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या जगाचा सूर त्यांत उमटला. एकाच घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहता येईल असे प्रसंग पुष्कळ आहेत. १८९० मध्ये न्यूनमच्या फिलिपा फॉसेट गणिताच्या ट्रायपॉसमध्ये ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असल्याचे जाहीर झाले. स्त्रियांची नावे निराळ्या यादीत असल्यामुळे सर्वांत अधिक गुण मिळवूनही सीनियर रँग्लर ही पदवी त्यांस लाभली नाही. १८९७ च्या मतदानाच्या दिवशी सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीची प्रतिकृती टांगण्यात आली. १९२१ च्या मतदानानंतर विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनमच्या दाराची कांस्य फाटके हातगाडीच्या धडकांनी मोडली. या प्रसंगांची छायाचित्रे व वृत्तपत्रीय वर्णने उपलब्ध आहेतच. परंतु त्यांतील स्त्री ही प्रतिकृती आहे, किंवा फाटकाआड आहे. फाटकाच्या आतील बाजूचा इतिहास आतील लिखाणातूनच काढावा लागतो.

भाषेच्या अभ्यासकास या अंकांत आणखी एक सामग्री मिळते. ती म्हणजे संबोधनांची व संज्ञांची. वृत्तपत्रांनी ‘गर्टन गर्ल’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यात कुतूहल, थट्टा व किंचित अवहेलना यांचे मिश्रण होते. महाविद्यालयाच्या व्यवहारात ‘स्टुडंट’ ही संज्ञा होती, तर ‘अंडरग्रॅज्युएट’ हा शब्द विद्यापीठाच्या रीतसर सभासदासाठी, अर्थात पुरुषासाठी, राखलेला होता. कोणता शब्द कोणी, कोणाविषयी व कोणत्या वर्षी वापरला याची नोंद केली, तर अधिकाराच्या सीमारेषा शब्दांच्या सीमारेषांशी कशा जुळतात हे दिसून येते. नियमांत बदल होण्यापूर्वी व्यवहारातील शब्द बदलला काय, की नियम बदलल्यावरही जुनाच शब्द टिकला, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. तो सामाजिक इतिहासाचा आहे.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने १९२८ चा एक प्रसंग लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्हर्जिनिया वुल्फ यांनी न्यूनम व गर्टन येथे स्त्रिया व कादंबरी या विषयावर भाषणे केली आणि त्यांच्या आधारे १९२९ मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकातील ‘फर्नहॅम’ या कल्पित महाविद्यालयाचे नीरस जेवण इतके प्रसिद्ध झाले की, स्त्रियांच्या महाविद्यालयांच्या दारिद्र्याचा तो जणू प्रत्यक्ष पुरावाच मानला जाऊ लागला. परंतु पुस्तक म्हणजे भाषणांची जशीच्या तशी प्रत नव्हे, आणि फर्नहॅम म्हणजे न्यूनम नव्हे. न्यूनमच्या भाषणाचा एका विद्यार्थिनीने लिहिलेला वृत्तान्त तेथील ‘थर्सायटीझ’ या नियतकालिकात आला होता. तो पुस्तकाशेजारी ठेवला म्हणजे वक्त्याने पुढे रचलेली कलाकृती आणि श्रोत्यांनी त्या वेळी घेतलेला अर्थ, या दोहोंमधील अंतर मोजण्याची सोय होते. थोर लेखिकेचा ग्रंथ व विद्यार्थिनीचे टिपण यांत साहित्य म्हणून तुलना नाही. साक्ष म्हणून मात्र दुसरीचे स्थान स्वतंत्र आहे.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लेखांखाली अनेकदा आद्याक्षरे किंवा टोपणनाव असते. प्रवेशनोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय लेखिकेची ओळख पटत नाही. महाविद्यालयाची प्रतिष्ठा सदैव पणास लागलेली असल्यामुळे अंतर्गत मतभेद, अपयश व आजार यांविषयी संयम पाळला जाई. निंदा करण्यास टपलेले वाचक बाहेर आहेत, ही जाणीव संपादकमंडळास सोडीत नसे. सर्वांत मोठे मौन आहे ते नोकरवर्गाविषयी. या महाविद्यालयांत स्वयंपाक करणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या, शेगड्या पेटविणाऱ्या स्त्रिया विद्यार्थिनींच्या दैनंदिन जीवनात सर्वत्र होत्या, पण लेखणी त्यांच्या हाती नव्हती. विद्यापीठातील स्त्रियांचा इतिहास केवळ या अंकांवरून लिहिला, तर जी चूक सिनेटच्या दप्तराने विद्यार्थिनींच्या बाबतीत केली तीच नोकर स्त्रियांच्या बाबतीत पुन्हा घडेल. म्हणून वेतनाच्या वह्या, जनगणनेची पत्रके व मौखिक आठवणी यांची जोड अपरिहार्य ठरते.

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ उपमेचा नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, आणि हा मान महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. त्यांची कन्या शकुंतला परांजपे यांनी न्यूनममध्ये गणिताचे अध्ययन करून १९२९ मध्ये ट्रायपॉस पुरी केली. पित्यास तीस वर्षांपूर्वी जे सभासदत्व सहज लाभले होते ते कन्येच्या वेळी स्त्रियांना अद्याप नव्हते. उलट नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या १८८० नंतरच्या दशकातच मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या होत्या. ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देऊनही तेथील पदवी घेण्यास त्यांना १९२२ पर्यंत थांबावे लागले. विद्यापीठाचे प्राचीनत्व आणि त्याची उदारता या भिन्न गोष्टी होत, हे या दोन चरित्रांवरून उघड होते.

मुंबई विद्यापीठाने पदवी लवकर दिली म्हणून येथील विद्यार्थिनींचा इतिहास आपोआप लिहिला गेला, असे मात्र नाही. पदवीधरांच्या यादीत नाव येते. त्यापलीकडचे जीवन येत नाही. ते शोधण्यासाठी महाविद्यालयांची वार्षिके, स्नेहसंमेलनांचे वृत्तान्त, वसतिगृहांची हस्तलिखिते, तसेच धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या परंपरेतील अंक यांकडे वळावे लागेल. असे अंक ग्रंथालयांत बहुधा ग्रंथ म्हणून नोंदले जात नाहीत. जागा अपुरी पडली की प्रथम तेच रद्दीत जातात. ‘गर्टन रिव्ह्यू’चे अंक पुढील पिढ्यांस वाचता आले ते महाविद्यालयाने ते जतन केले म्हणून. अधिकृत दप्तर संस्था स्वतःच्या गरजेपोटी जपते. विद्यार्थिनींचे लेखन जपण्याची गरज मात्र अभ्यासकांनीच ओळखली पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध अंकांची वर्षवार सूची तयार करणे, टोपणनावांचा उलगडा माजी विद्यार्थिनी हयात आहेत तोवर करून घेणे, आणि एक तरी पूर्ण संच सुरक्षित ठेवणे, एवढे कार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. पुढील संशोधन त्यावर उभे राहू शकेल.