उंदरांचे वाटेकरी

आमच्या सांगवीत नीरेच्या पाण्याचा आणि उसाचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शेतातला उंदीर कोणाच्या पोटात जातो, यालाही इतिहास आहे. गेली काही वर्षे मी जुने छापील कागद आणि आमचे बांध, दोन्ही त्याच नजरेने पाहतो आहे.

वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये 'दक्षिण मराठा मुलुखा'तल्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत काळ्या रानातल्या मऊ केसांच्या उंदराची नोंद आहे. हा उंदीर जमिनीच्या भेगांत राहतो, पावसाने भेगा भरल्या की असंख्य मरतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी ही मर होत नाही. अशाच एका वर्षी उंदरांनी पेरलेले बी खाल्ले, ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे कुरतडली, शेतकऱ्यांना सारा भरता येईना. वडारांना धान्याचे माप देऊन हजारोंनी उंदीर मारवले, तरी फरक दिसला नाही. 1876-77च्या दुष्काळानंतर 1878-79च्या हंगामातही दख्खनेत उंदरांचा असाच उच्छाद झाला.

म्हणजे कालव्याआधी इथे उंदीर लाटेने येत. कोल्हा, खोकड, बाऊल (म्हणजे रानमांजर), घुबड यांची चंगळ एखाददुसऱ्या वर्षी, एरवी काटकसर. घरचे मांजर या पंगतीला नव्हतेच म्हणा ना. ते गावठाणात, धान्याच्या कणगीभोवती असे.

नीरा डावा कालवा आला आणि हे गणित मोडले. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो, उंदराला बारमाही आडोसा आणि खाणे मिळते. बाऊलला मुळात पाण्याकाठची उंच गवते, लव्हाळी आवडतात. ऊस म्हणजे त्याच्यासाठी माणसाने लावलेले लव्हाळेच! पण पाण्यामागोमाग माणसेही गावठाण सोडून शेतात वस्ती करून राहू लागली, आणि त्यांच्याबरोबर मांजर बांधावर पोचले. माझ्या मते कालव्याने केलेला सर्वांत मोठा बदल हाच, पण पाटबंधाऱ्याच्या इतिहासात त्याला जागा कोण देणार?

उसाला दारे धरताना ही वाटणी डोळ्यांनी दिसते. बिळात पाणी शिरले की उंदीर बाहेर पडतात. दिवसा गायबगळे आणि मुंगूस हजर असतात, तिन्हीसांजेला वस्तीची मांजरे येतात आणि बाऊल अंधार पडल्यावर उसाच्या कडेने निघतो. राजस्थानातल्या सरिस्कात झालेल्या अभ्यासानुसार एका बाऊलला दिवसाला तीन ते पाच उंदीर लागतात. त्याचे पोट त्यावरच चालते. मांजराला घरी दूध-भाकरी असते, उंदीर ही वरकमाई. त्यामुळे उंदीर कमी झाले तरी मांजरांची संख्या कमी होत नाही, झळ बाऊललाच बसते.

तरीही बाऊल मांजराला भिऊन मागे राहतो असे मला दिसले नाही. तो अंगाने मोठा आहे. त्याला अडवतो तो वस्तीवरचा कुत्रा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक आणि सहकाऱ्यांनी खोकड आणि कुत्र्यांचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांच्या आहारात फारसे साम्य नव्हते, कुत्रे मुख्यतः माणसाच्या उष्ट्यावर जगत होते. पण कुत्रा जवळ असला की खोकड समोर ठेवलेल्या अन्नापाशीही कमी थांबत असे. आमच्या बांधावर मला तेच दिसते. कुत्रा उंदीर खात नाही, पण बाऊलला जवळ येऊ देत नाही, आणि त्या पहाऱ्यात मांजर निवांत जेवते.

ऊसतोड सुरू झाली की आडोसाच जातो. तोडकऱ्यांना फडात बाऊलची पिल्ले सापडतात, पुष्कळदा बिबट्याची समजून गलका होतो. पिल्ले तिथेच ठेवून माणसे दूर झाली तर आई रात्री येऊन नेते. हे मी तोडकऱ्यांना सांगत असतो, काही ऐकतातही.

आता बिबट्या खराच आमच्या तालुक्यात आला आहे. विद्या अत्रेय यांच्या चमूने अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा खाल्लेल्या मांसात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. त्या धास्तीने आमच्याकडेही काही वस्त्यांवर दिवेलागणीलाच कुत्री आत घेतात. त्या वस्त्यांच्या बांधांवर बाऊल हल्ली पहाटेपर्यंत दिसतो.