चांगला सल्लार्थी

चांगला सल्लार्थी : (मानसोपचार). संवादातून होणाऱ्या मानसोपचाराचा चांगला उपयोग करून घेणारी व्यक्ती. हे वर्णन दिसते तितके निरागस नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्कोफील्ड यांनी १९६४ मध्ये नोंदवले की, उपचारकांना तरुण, देखणे, बोलके, बुद्धिमान आणि यशस्वी सल्लार्थी अधिक आवडतात. या गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी ‘याव्हिस’ ही संज्ञा बनवली. ती उपचारकांच्या आवडीची यादी होती. कोण बरे होते, याचे उत्तर तीत नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करणाऱ्या यूजीन जेंडलिन यांनी केला. ध्वनिमुद्रित सत्रांच्या अभ्यासातून त्यांना आढळले की, सल्लार्थी काय बोलतो यापेक्षा कसे बोलतो, याचा सुधारणेशी अधिक संबंध असतो आणि तो फरक सुरुवातीच्या सत्रांतही ऐकू येतो. “साहेबांचा राग येतो... नाही, राग नव्हे, इथे छातीत काहीतरी आवळतं” असे चाचपडत, स्वतःचेच शब्द दुरुस्त करत बोलणारा पुढे सरकतो. आपली कहाणी घडाघडा सांगणारा पुष्कळदा तिथेच राहतो. हे चाचपडणे शिकता येते, असे जेंडलिन यांचे मत होते. त्यासाठीची ‘फोकसिंग’ ही पद्धत त्यांनी १९७८ मध्ये त्याच नावाच्या पुस्तकात मांडली.

बोलण्याच्या पद्धतीखेरीज उपचारकाशी असलेले सहकार्यही पाहावे लागते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांवर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील बंध. कामांमध्ये गृहपाठही येतो. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत त्याला मोठे स्थान आहे.

मात्र आज्ञाधारकपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे. आपल्याकडे उपचारकाला वडीलधाऱ्याच्या जागी बसवून “तुम्हीच सांगा, मी काय करू?” असे विचारले जाते आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून “बरं वाटतंय” असे सांगितलेही जाते. असा भिडस्तपणा अमेरिकेतही आहे. मानसशास्त्रज्ञ बॅरी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ मधील पाहणीत बहुतेक सल्लार्थींनी उपचारकाशी खोटे बोलल्याचे मान्य केले. त्रास आहे त्याहून कमी सांगणे हा त्यातला सर्वाधिक आढळलेला प्रकार होता. मतभेद बोलून दाखवणारा सल्लार्थी उपचारकाला अवघड वाटला, तरी उपचाराला तोच अधिक उपयोगी पडतो.

तीव्र नैराश्यात माणसाला बोलण्याचेही त्राण नसते. अशा वेळी ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. तिथे गती कमी करणे आणि गरज पडल्यास औषधोपचाराची सोय पाहणे ही उपचारकाची जबाबदारी ठरते. काही सत्रांनंतरही उपयोग जाणवत नसेल, तर सल्लार्थीने तसे स्पष्ट सांगून उद्दिष्ट वा पद्धत बदलून मागावी आणि तरीही अडले तर उपचारक बदलावा.