सातपुड्यातली हलकी रायफल
माझे चाचा पालच्या जंगलात जाताना पॉइंट टू-टू रायफल घेत. वजनाला हलकी, नेमाला पक्की. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. तितर, ससा, एवढीच तिची झेप. सोबतच्या तडवी भिल्ल वाटाड्याच्या हाती मात्र काठी. मला तेव्हाही ते खटके.

जेम्स आउट्रमने 1825 साली धरणगावी भिल्लांच्याच हाती बंदुका देऊन पलटण उभी केली होती! पुढे 1878 या एकाच वर्षी वन कायदा आणि शस्त्र कायदा आला. जंगल राखीव होऊ लागले, बंदुकीला परवाना लागला. गोऱ्यांना मात्र सूट. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर चाचांनी रायफल कपाटात ठेवली. वाटाड्या काठी घेऊनच फिरत राहिला.