कोनशिलेचे वाङ्मय : देणगी, नाव आणि मराठवाड्यातील विद्यापीठ

आपल्याकडील विद्यापीठांचा आणि महाविद्यालयांचा इतिहास बहुतांशी तीन ठिकाणी लिहिला गेला आहे : कोनशिलेवर, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आणि संस्थाचालकाच्या गौरवग्रंथात. या तिन्ही ठिकाणच्या गद्याला स्वतःचे संकेत आहेत, स्वतःची विशेषणे आहेत आणि वाचकाकडून अपेक्षित असलेला एक ठरलेला प्रतिसादही आहे. म्हणजेच हा एक वाङ्मयप्रकार आहे. मराठी समीक्षेने मात्र त्याची दखल घेतलेली नाही. या गद्यात देणाऱ्याचे नाव नेहमी असते. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव कधीच नसते. धनिक आणि राजकारणी देणगीदारांचा सार्वजनिक विद्यापीठांवरील प्रभाव हा विषय आपण प्रशासनाचा मानून सोडून देतो. वस्तुतः तो आधी भाषेचा विषय आहे. सत्ता विद्यापीठात येते ती ‘दान’ या शब्दाचे बोट धरून, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. बिलोलीसारख्या सीमेवरच्या तालुक्यातून पाहिले असता हा इतिहास मुंबई-पुण्याहून दिसतो त्याहून वेगळा दिसतो, म्हणून ही मांडणी तेथून केली आहे.

आरंभ अर्थातच मुंबईचा. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला प्रारंभी स्वतःची वास्तू नव्हती. १८६३ मध्ये कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी १ लाख रुपये दिले. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या भावातून आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या सट्ट्यातून हा पैसा उभा राहिला होता. १८६५ मध्ये तो बाजार कोसळला आणि अनेकांची घरे बुडाली. मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे. या दात्याच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की कापूस पिकविणारा कुणबी आणि बुडालेला भागधारक या कथेत कोठेही नाहीत. देणगीच्या गद्याचा पहिला संकेत येथे सिद्ध होतो : पैशाचा उगम दात्याच्या नावापाशी सुरू होतो, त्यामागे जात नाही.

दुसरा संकेत महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या इतिहासात आढळतो. १९१६ मध्ये लोकांच्या लहान लहान वर्गण्यांवर सुरू झालेल्या या विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. ठाकरसी हे गिरणीमालक होते, तसेच कायदेमंडळाचे सभासदही होते. पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईस गेले. येथे देणगी केवळ इमारतीला नव्हे, तर संस्थेलाच नाव देते. गावोगाव हिंडून कर्वे यांनी जमविलेल्या रुपया-आठ आण्यांची बेरीज नावात मावत नाही. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांच्या सुरुवातीच्या घटनांत तर देणगीदारांच्या प्रतिनिधींना ‘कोर्टा’त स्थानच दिले गेले होते. दान आणि अधिकार यांचे नाते तेथे निदान कागदावर उघड होते. पुढच्या काळात ते झाकले गेले.

याउलट उदाहरण साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव होते. ते बदलण्याच्या अटीवर आलेली मोठी देणगी त्यांनी नाकारल्याची आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते. आख्यायिकेच्या तपशिलापेक्षा ती इतक्या आवडीने का सांगितली जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाव विकत घेता येते, हे समाजाला पक्के ठाऊक असते. म्हणूनच न विकल्याची गोष्ट लोकांना जपून ठेवावीशी वाटते.

मराठवाड्यात ही परंपरा थेट आली नाही. बिलोली, देगलूर, कंधार हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथील मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये सुरू झालेले हैदराबादचे उस्मानिया. येथे दाता आणि राजा एकच होता. विद्यापीठाला नाव त्याचे होते आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू व कन्नड या प्रजेच्या भाषा तेथे दुय्यम ठरल्या. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. संस्था ज्याच्या नावाने चालते त्याच्या मर्जीबाहेरचे गाणेही तेथे म्हणता येत नाही, हा धडा मराठवाड्याने अशा रीतीने प्रत्यक्ष घेतला.

हैदराबाद मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात जी महाविद्यालये निघाली, त्यांच्यामागे म्हणून वेगळी प्रेरणा होती. १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, ते पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. पुढे नरहर कुरुंदकर तेथे शिकविते झाले आणि प्राचार्यही झाले. कंधारला केशवराव धोंडगे यांच्या संस्थेने तर आपल्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला. ‘पीपल्स’ आणि ‘मोफत’ या दोन शब्दांत त्या पिढीचा जाहीरनामा सामावलेला आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा त्याला कोणा व्यक्तीचे नव्हे, तर प्रदेशाचे नाव देण्यात आले, हेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

बदल घडला तो सहकाराबरोबर. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या कारखान्याने जो आदर्श घालून दिला, तो पुढे मराठवाड्यातही आला. बिलोली तालुक्यात शंकरनगरला गोदावरी-मनार सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था ही त्रयी ग्रामीण महाराष्ट्राच्या राजकारणाचा कणा बनली. उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम शिक्षणनिधी म्हणून कापण्याची प्रथा अनेक कारखान्यांत होती. कपात होते शेतकऱ्याची, कोनशिला लागते अध्यक्षांची. शिवाय अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकाच्या वेतनाचा भार शासन उचलते, नियुक्तिपत्र मात्र संस्था देते. थोडक्यात, या प्रदेशातील ‘दाता’ पुष्कळदा दुसऱ्याचे देतो. मुंबईच्या शेटजीने निदान स्वतःच्या तिजोरीतून दिले होते. येथे सार्वजनिक पैसा खाजगी कृतज्ञतेत रूपांतरित होतो. हे रूपांतर घडवून आणणारे साधन म्हणजे भाषा.

संस्थेतून ही सत्ता विद्यापीठात कशी पोहोचते, हे कायद्यातच दिसते. १९९४ आणि २०१६ या दोन्ही महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यांनी संस्थाचालकांच्या प्रतिनिधींना अधिसभेत स्थान दिले. प्राचार्यांचे आणि अध्यापकांचे प्रतिनिधीही तेथे असतात. पण प्राचार्याची आणि अध्यापकाची नियुक्ती ज्याच्या सहीने झाली, त्याच्यासमोर त्यांनी मोकळेपणाने मत द्यावे, ही अपेक्षा भाबडी ठरते. एकच आवाज तीन तोंडांनी बोलू शकतो. अभ्यासक्रम, परीक्षा, नव्या महाविद्यालयांची संलग्नता या साऱ्यांवर त्या आवाजाची सावली पडते, आणि त्यासाठी कोणाला एक ओळही लिहून द्यावी लागत नाही.

या प्रक्रियेचा सर्वांत बोलका पुरावा एका शब्दाच्या अर्थांतरात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर मराठी बोलीत ‘डोनेशन’ हा शब्द घरोघर पोहोचला. मूळ शब्दाचा अर्थ संस्थेला स्वेच्छेने दिलेली देणगी. मराठीत तो झाला, प्रवेशासाठी वा नोकरीसाठी पालकाने नाइलाजाने मोजलेली रक्कम. ‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ हे कोशात समानार्थी, व्यवहारात मात्र विरुद्धार्थी शब्द ठरले. १९८७ च्या अधिनियमाने कॅपिटेशन फी घेण्यास मनाई केली. शब्द मात्र टिकला, कारण व्यवहार टिकला. याच सुमारास ‘शिक्षणमहर्षी’ या गौरवपदाशेजारी ‘शिक्षणसम्राट’ हा उपरोधिक शब्द रूढ झाला. गौरवग्रंथ पहिला शब्द वापरतो, चहाच्या टपरीवर दुसरा चालतो. भाषेने आपला न्याय असा दोन ठिकाणी विभागून दिला आहे.

या पार्श्वभूमीवर नामांतराचा लढा पुन्हा वाचला पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव दिले गेले, तेही ‘नामविस्तार’ या तडजोडीच्या शब्दाने. मुंबईत एका मनोऱ्याला नाव देण्यासाठी २ लाख रुपये पुरले होते. येथे ज्यांच्यापाशी द्यायला पैसा नव्हता, त्यांना नावासाठी १६ वर्षे आणि प्राण द्यावे लागले. धनिकाने दिलेल्या नावाला आपण ‘औदार्य’ म्हणालो आणि दलितांनी मागितलेल्या नावाला ‘वाद’. विद्यापीठाला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांच्या निवडीत दडलेले आहे.

हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकेतील जॉर्ज मेसन या सार्वजनिक विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे नाव २०१६ मध्ये ३ कोटी डॉलरांच्या देणग्यांनंतर बदलले गेले. त्यांतील १ कोटी राजकारणात पैसा ओतणाऱ्या उद्योगपतीच्या प्रतिष्ठानाचे होते, उरलेले निनावी दात्याचे. २०१८ मध्ये जुने करार उघड झाले, तेव्हा काही देणगीदारांना प्राध्यापकांच्या निवडीत वाटा मिळाला होता असे दिसून आले. फरक इतकाच, की तेथे करार होता म्हणून तो उघड करता आला. आपल्याकडे करार नसतो; सत्कार असतो. सत्काराची प्रत मागता येत नाही.

आणि सत्काराचे गद्य लिहितो कोण? बहुधा मराठी विभाग. गौरवग्रंथाचे संपादन, मानपत्राचा मसुदा, कोनशिलेवरील ओळ ही कामे भाषेच्या अध्यापकाकडे चालत येतात. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांनी १९७५ ते १९७९ या काळातच महाविद्यालयीन जगातील संस्थाचालक, गटबाजी आणि अध्यापकाची लाचारी मराठी वाचकासमोर ठेवली होती. कादंबरीने जे पाहिले, ते त्याच विभागांतून निघालेल्या गौरवग्रंथांनी पाहिले नाही. एकाच विभागात सकाळी कादंबरी शिकवली जाते आणि दुपारी मानपत्र लिहिले जाते, आणि या दोन पाठांचा एकमेकांशी संबंध लावला जात नाही.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला निघालेल्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. बिलोलीची महाविद्यालये आज त्याच्याच कक्षेत येतात. ज्याच्यापाशी देण्यासाठी धन नव्हते, अशा संन्याशाचे हे नाव आहे आणि म्हणून ते एक कसोटीही आहे. या विद्यापीठाचा खरा इतिहास लिहावयाचा असेल, तर दात्यांच्या यादीशेजारी दुसरी यादी मांडावी लागेल : उसाच्या बिलातील कपात, शासनाचे वेतन-अनुदान, पालकांनी मोजलेले ‘डोनेशन’, नावासाठी गेलेले जीव. त्या यादीसाठी कोनशिला पुरणार नाही. तिला अभ्यासकाची वही लागेल. ती वही उघडणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे, कारण पहिली यादी सजविण्याचे कामही आजवर त्याच्याच हातून होत आले आहे.