गीझर : नाव झऱ्याचे, धडा धुराड्याचा

'गीझर' हे नाव आइसलंडमधील उसळत्या उष्ण झऱ्याचे. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगाऱ्याने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवणारे उपकरण बनवले व त्याला हे नाव दिले. पाणी झटपट तापे, पण जळलेले वायू बाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. आपल्या तांब्याच्या बंबाला मात्र मधोमध धुराची नळी असतेच!

पुढे सुमारे १८८९ मध्ये एडविन रूड या नॉर्वेजियन अभियंत्याने पिट्सबर्गमध्ये टाकीचा स्वयंचलित गॅस हीटर तयार केला.

धुराडे इतके महत्त्वाचे का? बंद न्हाणीघरात ज्योतीला ऑक्सिजन अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. माणूस बेशुद्ध पडतो, प्राणही जातो.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, तर तो वापरणे थांबवून बर्नर तपासून घ्यावा. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरचे गीझर कोठे बसवले आहेत, हे आपण उद्याच वर्गात विचारू या.